मीटरसाहेबांचा गुडघा

माझ्या बाबांचं पाऊल एक मीटरचं आहे, हे सरकारने लेखी दिलेलं आहे. चौकटीत बसवलेलं ते प्रमाणपत्र आमच्या बैठकीत माझ्या पदवीच्या वर टांगलेलं असायचं, आणि त्यावरून माझं एकदा भांडूनही झालं आहे. बाबांचं म्हणणं असं, की पदव्या काय, दरवर्षी हजारो लोकांना मिळतात.

बाबा शेती अनुदान कार्यालयात मोजणीदार. आमच्या खोऱ्यात अडतीस छोटे शेतकरी भाजीपाला पिकवतात आणि जेवढ्या जमिनीत पीक, तेवढ्या जमिनीचं अनुदान सरकार त्यांना देतं. कोबीला एक दर, वाटाण्याला दुसरा, भोपळ्याला तिसरा. कोण कुठे काय लावणार हे दरवर्षी बदलतं, म्हणून दरवर्षी मोजायचं. एकदा पेरणीच्या आधी, नांगरलेल्या मातीत, आणि एकदा पीक उभं राहिल्यावर. नोकरीला लागल्या लागल्या बाबांनी मोजायच्या फितीची मागणी केली होती. ‘फीत मागवली आहे’ असं उत्तर आलं. तोपर्यंत पावलांनी भागवू, असं त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं. कार्यालयाच्या व्हरांड्यात अर्ध्या अर्ध्या मीटरच्या फरश्या होत्या. बाबांना त्यावरून दहा वेळा चालवलं, दहाही वेळा पाऊल बरोबर दोन फरश्यांवर पडलं आणि प्रमाणपत्र तयार झालं. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. फीत अजून मागवलेलीच आहे.

खोऱ्यात त्यांना मीटरसाहेब म्हणतात. मोजताना हात पाठीमागे बांधलेले, हनुवटी वर, आणि तोंडाने खणखणीत आकडे. मध्येच कोणी हाक मारली तर ओ देत नाहीत. आईने मारली तरी नाही. ‘हा माणूस भाजी आणायला जातो आणि अंतर घेऊन येतो,’ असं आई म्हणते. ते खोटं नाही. आमच्या घरापासून दूधवाल्यापर्यंत किती, दवाखान्यापर्यंत किती, माझ्या शाळेपर्यंत किती, सगळं त्यांना तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र आईला आठवण करून द्यावा लागतो.

बाबांचे दोन नियम होते. पहिला, शेतकऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा, बसायला घडीची खुर्चीही स्वतःची. दुसरा नियम जास्त कडक होता. मागच्या वर्षीचा आकडा बघायचा नाही. ‘मागचं बघून मोजणं म्हणजे मोजणं नव्हे, नक्कल आहे,’ ते म्हणायचे. मोजलं, कागदावर लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट वरच्या कार्यालयात पाठवलं, संपलं. पुढच्या वर्षी पाटी कोरी. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या सरळपणामुळेच झाला.

नऊ वर्षांपूर्वी बाबांचा उजवा गुडघा दुखायला लागला.

आधी नुसता कुरकुरायचा, मग सुजायला लागला. बाबांनी त्याकडे साफ दुर्लक्ष केलं. गुडघा दुखला की माणूस पाऊल जरा आखडतं घेतो, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्याचं पाऊल सरकारने प्रमाणित केलं आहे, त्याला ते स्वतःला लागू होतं असं वाटत नाही. पाऊल आखडलं, की तेवढ्याच शेतात पावलं जास्त बसतात. लांबीतही जास्त, रुंदीतही जास्त. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशोब सांगते. चाळीस मीटर लांब, चाळीस रुंद असं शेत म्हणजे सोळाशे चौरस मीटर. पाऊल पाचव्या हिश्शाने आखडलं, तर तेच शेत पन्नास बाय पन्नास भरतं. म्हणजे पंचवीसशे. जमीन तेवढीच, मालकीण तीच, कुंपणही तेच. फक्त गुडघा वेगळा.

ही मालकीण म्हणजे भोपळेवाल्या आजी. हे प्रकरण पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं, तेही भोपळ्यांमुळे. कुंपणाच्या कडेने त्यांना भोपळ्याची रांग लावायची असे, आणि दोन वेलांत एक मीटर अंतर लागतं. आजी कशाला मोजत बसतील? बाबा भुसभुशीत मातीतून चालून गेले, की त्यांच्या मागोमाग पिशवी घेऊन निघायच्या आणि बाबांच्या प्रत्येक पावलाच्या खळग्यात बी टाकायच्या. सरकारी मोजमाप आणि पेरणी एकाच फेरीत. अशी वीसेक वर्षं उत्तम गेली. मग एका वर्षी बी कमी पडलं. पुढच्या वर्षी आणखी कमी पडलं. तिसऱ्या वर्षी कडेचे वेल एकमेकांत असे गुंतले, की कोणाचा भोपळा कोणत्या वेलाचा, ते कापेपर्यंत कळेना. आजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बाबांच्या पायांकडे नीट बघितलं.

आजींच्या पोटात काही राहत नाही. आठवडाभरात अडतीसच्या अडतीस घरांना कळलं.

तेव्हापासून खोऱ्यात बाबांच्या गुडघ्याला जे महत्त्व आलं, ते कोणत्याच पिकाला नव्हतं. बाबा दिवसाला चार शेतं मोजायचे. सकाळी गुडघा ताजा असे, दुपारी चारपर्यंत पार गळून जाई. त्यामुळे सकाळची वेळ कोणालाच नको. ‘साहेब, सकाळी जरा दवाखान्यात जायचंय, चारला याल का?’ असं जो तो म्हणायला लागला. खोरं इतकं आजारी कधीच नव्हतं. शेवटी चारच्या वेळेसाठी लोक गुपचूप चिठ्ठ्या टाकू लागले. वाटाणेवाले काका तर साहेब यायच्या आदल्या दिवशी शेत आडवं नांगरून ठेवायचे, म्हणजे ढेकळांतून पाय उचलताना आणखी आखडतील. आणि सगळे जण अगदी मायेने विचारायचे, ‘साहेब, गुडघा कसा आहे?’ बाबा म्हणायचे, ‘फार दुखतोय हो.’ ‘अरे वा,’ असं एकदा वाटाणेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

बाबा संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायचे, ‘इतकी वर्षं कोणाचा पाण्याचा घोट घेतला नाही, तरी बघ, लोक किती जीव लावतात. घरचं माणूस विचारणार नाही इतकं विचारतात.’

‘घरचं माणूस रात्रभर तुमचं कण्हणं ऐकतं,’ आई म्हणायची. ‘त्याला वेगळं विचारायची गरज नाही.’

वरच्या कार्यालयात कोणाला काही शंका आली नाही. उलट, ‘लागवडीखालील क्षेत्रात सातत्याने वाढ’ म्हणून बाबांना अभिनंदनाचं पत्र आलं. ते माझ्या पदवीच्या शेजारी लागलं.

आता माझं सांगते. मलाही माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या आणि शंभर मीटरची रेघ आखायला आमच्या खेळाच्या सरांनी मोठ्या सन्मानाने मीटरसाहेबांना बोलावलं. बाबांनी शंभर पावलं मोजून दिली. त्या दिवशी आमच्या शाळेच्या पोरांनी सगळे विक्रम मोडले. एक जाडी मुलगी, जी एरवी घंटा झाली तरी उठत नाही, तीसुद्धा वाऱ्यासारखी धावली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र पटेना. सगळे गेल्यावर मी खेळाच्या खोलीतली लांब फीत काढली आणि मैदान मोजलं. त्र्याऐंशी मीटर भरलं. मी दोनदा मोजलं.

घरी आले तेव्हा बाबा गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ‘पाहिलंस?’ ते म्हणाले. ‘साठीकडे झुकलो, पण पाऊल अजून मीटरभरच.’ फार खुशीत होते. उद्या सांगू म्हटलं. चार वर्षं मी उद्या सांगणार होते. बाबा म्हातारे झाले आहेत, हे त्यांना गणिताने सिद्ध करून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. खेळाचे सर अजून ते विक्रम फळ्यावर लिहून ठेवतात.

निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा आईने आवाज चढवला. ‘जिना चढताना हा माणूस असा ओरडतो, की शेजाऱ्यांना वाटतं मी मारते. ऑपरेशन करायचं म्हणजे करायचं.’ बातमी खोऱ्यात पोचली आणि दुसऱ्याच दिवशी सहा शेतकरी आमच्या दारात हजर झाले. वाटाणेवाले काका पुढे होते.

‘साहेब, घाई करू नका,’ ते म्हणाले. ‘जन्मापासूनचा गुडघा आहे. नवीन कसा निघेल, काय सांगावं.’

‘लोखंडाचा असतो म्हणे,’ दुसरा म्हणाला. ‘पावसात गंजला तर?’

ते लोक गेल्यावर बाबा म्हणाले, ‘राहू दे ऑपरेशन. एवढी माणसं काळजीत पडली आहेत.’ मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं. हसत होते की रडत होते, मलाही ठरवता येईना.

आईने कोणाचं ऐकलं नाही. आमच्या गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तारीख द्यायला चार महिने लावले. त्यांच्या बायकोच्या नावावर कोबीचं शेत होतं, हे आईला नंतर कळलं. शेवटी ऑपरेशन झालं आणि नको तितकं चांगलं झालं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दवाखान्याच्या फरशीवर खुणा करून बाबांना महिनाभर चालवलं. ‘पाऊल किती टाकू?’ बाबांनी विचारलं. ‘पूर्वी टाकत होतात तेवढं,’ बाई म्हणाल्या. झालं. पाऊल पुन्हा मीटरभर.

त्या हंगामात बाबा वाऱ्यासारखे फिरले. चारच्या ठोक्यालाही पाय तसाच ताठ. शेतकरी कुंपणाला टेकून एखाद्या अंत्ययात्रेला आल्यासारखे बघत राहिले. आजींचे पंचवीसशे होते, ते सोळाशे भरले. बाबांना काहीच कळलं नाही, कारण मागचा आकडा बघायचा नाही. त्यांनी कागद पाकिटात घातले आणि पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयातून पत्र आलं. खोऱ्यातली एक तृतीयांशाहून जास्त जमीन एका हंगामात नाहीशी झाली आहे. ती कुठे गेली, याचा तात्काळ खुलासा करावा. पूर आला का, दरड कोसळली का, जमीन कोणी परस्पर विकली का, असे प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे चौकोन होता. गुडघ्यासाठी चौकोन नव्हता.

मग चौकशीला एक बाई आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, खांद्यावर एक काठी आणि काठीच्या टोकावर डबीएवढं यंत्र. काठी मातीत रोवली, की यंत्र आकाशाशी काहीतरी बोलायचं आणि शेताचं माप सांगायचं. बाबा दोन दिवस बाईंच्या मागे हिंडले. यंत्राचं माप आणि बाबांचं या वर्षीचं माप तंतोतंत जुळलं. बाबा खूश. ‘चांगलं यंत्र आहे,’ त्यांनी शिफारस केली.

मग बाईंनी बॅगेतून मागच्या नऊ वर्षांचे कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. बाबांनी नियमाप्रमाणे मान फिरवली. ‘बघावं लागेल,’ बाई म्हणाल्या. बाबांनी बघितलं. पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत बघितलं आणि मग घडीच्या खुर्चीवर बसले. घरी येऊन त्यांनी प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं आणि कपाटाच्या मागे उभं करून ठेवलं. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही, आणि माझी मलाच लाज वाटली.

नियम असा होता. शेतकऱ्यांना खरं माहीत होतं आणि तरी त्यांनी पैसे घेतले असतील, तर त्यांचे पुढचे तीन हप्ते कापायचे. कोणालाच माहीत नव्हतं असं ठरलं, तर दोष एकट्या मोजणीदाराचा. मग बाबांचं निवृत्तिवेतन जाणार. निवृत्तीला सहा आठवडे राहिले होते.

कार्यालयाच्या बियाण्यांच्या खोलीत बैठक भरली. खुर्च्या वीसच होत्या, म्हणून बाकीचे पोत्यांवर बसले. आजी भोपळ्याच्या बियांच्या पोत्यावर, वाटाणेवाले काका खतावर. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाबांची बॅग धरायला आले होते आणि दाराशी उभी होते. बाईंनी सगळ्यांना नियम वाचून दाखवला आणि विचारलं, ‘कोणाला काही सांगायचं आहे?’

बाबा उठले. ‘चूक माझी आहे,’ ते म्हणाले. ‘पाऊल माझं, आकडा माझा. या लोकांना यातलं काहीही माहीत नव्हतं. उलट नऊ वर्षं यांनी माझ्या गुडघ्याची इतकी काळजी केली, की तेवढी माझ्या सख्ख्या भावानेही केली नसती. यांचे हप्ते कापू नका.’

वाटाणेवाले काका खताच्या पोत्यावरची अक्षरं वाचायला लागले. कोणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल माफी मागितली.

आजींनी हात वर केला.

‘मला माहीत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘भोपळ्यांनी सांगितलं. आणि मी सगळ्यांना सांगितलं. फक्त साहेबांना नाही सांगितलं.’

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. ‘ज्यांना ज्यांना माहीत होतं, त्यांनी हात वर करावेत,’ त्या म्हणाल्या. ‘मोजणीदार अजून तुम्हीच आहात. हात मोजा आणि आकडा सांगा.’

बाबांनी सवयीने हात पाठीमागे बांधले, हनुवटी वर केली आणि पोत्यांमधून चालायला लागले. एक, दोन, तीन. हात हळूहळू वर जात होते, काही खूपच हळू. चौदा, पंधरा. दर आकड्याला त्यांचा आवाज थोडा खाली येत होता, पण चुकत नव्हता. वाटाणेवाल्यांचा हात कानापर्यंत येऊन थांबला होता.

‘वर की खाली?’ बाबांनी विचारलं. ‘अर्धा हात मी धरत नाही.’

काकांनी हात वर केला. मागून त्यांच्या बायकोनेही केला, आणि तिला बाबांनी सांगितलं, ‘एका शेताचा एकच हात.’ छत्तीस, सदतीस. हाडांचे डॉक्टर दवाखाना सोडून आले होते आणि बायकोच्या वतीने शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मग तोच हात तसाच वर नेला. अडतीस.

बाबा दारापाशी येऊन वळणार होते. मी बॅग खाली ठेवली आणि हात वर केला.

त्यांना आधी वाटलं, मी काही विचारते आहे. ‘काय ग?’ ते हळूच म्हणाले. मी मानेनेच नाही म्हटलं आणि हात तसाच ठेवला. चार वर्षं जे बोलता आलं नाही, ते अजूनही बोलता येत नव्हतं. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता खोलीतून निघून जातील. नवीन गुडघा होता. कुठपर्यंतही गेले असते.

‘एकोणचाळीस,’ ते म्हणाले आणि बाईंच्या टेबलाकडे परतले.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. ‘शेतकरी अडतीसच आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘एक हात जास्त मोजलाय तुम्ही.’

‘जास्त नाही,’ बाबा म्हणाले. ‘तो माझ्या मुलीचा आहे. लिहा.’